खांब एकतीस ते चौतीस

२ फेब्रुवारी, सोमवार

धुकं. बस भंवरकुआंवरून ६:१० ऐवजी ६:२५ ला सुटली. बेटमाच्या पुढे दोन्ही बाजूंना गहू आणि लसूण, पण दिसत काहीच नव्हतं. लसूण आहे हे वासावरून. कंपनीचा टायर-चाचणीचा ट्रॅक ८:४० ला उघडला.

ट्रेनर हॉलिसच्या (यापुढे हॉ.) सहा फेऱ्या, ताशी १४० वर, गाडीत एकटा. पाच स्वच्छ. चौथ्या फेरीत खांब ३१ ते ३४ दरम्यान गाडी रेषेपासून ९० सेंटीमीटर उजवीकडे, म्हणजे कठड्याकडे. ३५ ला परत रेषेवर. जीपीएसचं बेस स्टेशन आज सकाळी रीसेट केलं होतं. रन शीटवर शेरा: ‘फेरी ४ अग्राह्य, जीपीएस.’ सही केली.

हॉ.ला रेडिओवर खांबांचे नंबर सांगायचं काम जानेवारीपासून माझ्याकडे आहे. टॉवरच्या स्क्रीनवर गाडी सरकताना दिसते, खांब आला की मी नंबर म्हणते. जुन्या धंद्यातली सवय आहे, असं तो म्हणाला होता. अठ्ठेचाळीस खांब, साधारण मिनिटाची फेरी. घसा बसतो, एवढंच.

आईने विचारलं, तुझा अमेरिकन कसा आहे. म्हटलं, ठीक आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

कँटीनमध्ये चारही शिकाऊ ड्रायव्हर हॉ.भोवती. त्याच्यासमोर पोहे, पोह्यांवर जीरावन. बाटली स्वतःची, खिशात घेऊन फिरतो. नोव्हेंबरात नवीन होता तेव्हा त्याच मसाल्याने शिंका यायच्या.

जितूने विचारलं (जितेंद्र, बेटमाचा, चौघांत सगळ्यात चांगला हात): ‘हॉलिस भिया, टोटल कितनी रेस जीते?’ मी इंग्रजीत सांगितलं. उत्तर: एकवीस वर्षांत दोन. ‘बस दो?’ सगळे हसले, हॉ. सगळ्यांत जास्त. मग म्हणाला, दोनदा जिंकलो, बाकीच्या वेळी घरी परत आलो, ते जास्त अवघड होतं.

बाकीचं तुकड्यांत. वडिलांचा पेट्रोल पंप, त्याच्या मागे मातीचा गोल ट्रॅक. शनिवारी शर्यत, रविवारी चर्च. त्याच्या आईला दोन्ही दिवशी तीच प्रार्थना करावी लागायची. तीन-चार तास फक्त डावीकडे वळायचं. डोकं पट्ट्यांनी जखडलेलं, मान फिरत नाही. म्हणून प्रत्येक ड्रायव्हरचा एक माणूस वर, प्रेक्षकांच्या छपरावर उभा. स्पॉटर. शेजारी गाडी आहे की नाही ते रेडिओवर सांगतो. तो ‘क्लिअर’ म्हणाला की ड्रायव्हर न बघता सरकतो. बघायचंच नाही, असा नियम. हॉ.चा स्पॉटर त्याचा मेहुणा, ड्वेन. अठरा वर्षं.

तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, भिंत पलीकडे. इकडे उजवीकडे, भिंत खांद्याशी. ‘म्हातारपणी भिंत माझ्या बाजूला राहायला आली,’ म्हणाला.

१६ तारखेला चौघांची शेवटची फेरी, १८० वर. आधी हॉ. चालवणार, शिकाऊ डावीकडे, मग अदलाबदल. हॉ.ची सही झाली की चौघे नोकरीत कायम.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सोमवारचा बेस स्टेशनचा लॉग पाहिला. रीसेट ९:२० ला. चौथी फेरी ९:०२ ची.

म्हणजे जीपीएस ठीक होतं. गाडी खरंच ९० सेंटीमीटर उजवीकडे होती. माझा शेरा चुकीचा.

टॉवरमधलं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. ९:०२ ऐकलं. माझा आवाज: अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. मग देवधर सर: ‘केतकी, माझा चार्जर बघितलास का?’ मी: ‘प्रिंटरच्या मागे गिरा हुआ है, सर.’ मग पस्तीस.

एकतीस ते चौतीस मी म्हटलेच नाहीत.

(दे. सर दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आले, आमचे प्रमुख. रेकॉर्डिंगवर पुढे त्यांचं हसणं आहे: ‘गिरा हुआ है! अगं, मराठीत पडलाय म्हणतात.’)

६ फेब्रुवारी, शुक्रवार

जानेवारीपासूनची सगळी रेकॉर्डिंग काढली. कान दुखतात.

मी खांब चुकवले अशा जागा: अकरा. कधी खोकला, कधी फोन. त्यांपैकी नऊ ठिकाणी गाडी उजवीकडे सरकली. उरलेल्या दोन सरळ पट्ट्यावरच्या. मी सलग बोलले त्या फेऱ्यांत एकदाही नाही.

संबंध आहे. कारण माहीत नाही. इतकंच लिहिता येतं.

शीट दुरुस्त करायची तर जुन्या शेऱ्यावर एक रेघ, शेजारी तारीख, आद्याक्षरं, कारण. तीन वर्षांत माझ्या एकाही शीटवर अशी रेघ नाही. आज मारली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

हॉ. जेवायला आला होता. आईने पंधरा दिवसांपूर्वीच बोलावून ठेवलं होतं. आमच्या छत्रीबागेत गाडी आत येत नाही, गल्लीच्या तोंडाशी जाऊन त्याला घेऊन आले. गल्लीत उजव्या बाजूला लावलेल्या ॲक्टिव्हाच्या आरशाला त्याचा खांदा लागला. तो थांबून ॲक्टिव्हाला सॉरी म्हणाला. मला हसू आलं. मग थांबलं.

आईने नेहमीसारखं ताट वाढलं. डावीकडे मीठ-लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे बटाट्याची भाजी आणि आमटीची वाटी. मध्ये पुऱ्या, भात. हॉ.ने चटणी तीनदा मागितली. कोशिंबीर संपवली. कोरडा भात कोशिंबिरीशी खाल्ला. भाजीला बोटही लावलं नाही.

आई मला मराठीत: त्यांना भाजी आवडली नाही का गं? मीठ जास्त पडलं?

मी विचारलं. तो म्हणाला, सगळं छान आहे.

आई उठली. चटणी वाढायला वाकल्यासारखं केलं आणि ताट अर्धं फिरवलं. हॉ. थांबला. भाजीकडे पाहत राहिला. मग खाल्ली, सगळी, परत मागितली नाही. जाताना आईला दोन्ही हात जोडून नमस्कार केला, तो नेहमी एक हात करतो.

तो गेल्यावर ओट्याशी आई म्हणाली, ‘त्यांना उजवीकडचं दिसत नाही.’

मी भांडी पुसत होते.

‘शाळेत माझ्याकडे अशी एक मुलगी होती. वहीच्या अर्ध्याच पानावर लिहायची. मी तिला रागावायचे, कागद फुकट घालवते म्हणून.’ मग: ‘तुला माहीत होतं.’

‘शुक्रवारपासून.’

‘आणि तो गाडी चालवतो?’

म्हटलं, मी नंबर सांगते. उत्तर म्हणून हे किती वाईट आहे ते म्हणतानाच कळलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

१४० वर आठ फेऱ्या, जितू शेजारी. एकही खांब चुकवला नाही. संध्याकाळी गाडीतल्या माइकचं रेकॉर्डिंग ऐकलं, आवाज वाढवून. तिसाव्या खांबानंतर, माझ्या नंबरांखाली, जितूचा हळू आवाज: ‘अंदर भिया, थोड़ा अंदर.’ प्रत्येक फेरीत.

त्याला वॉटर कूलरपाशी गाठलं. बोलणं जसं झालं तसं:

‘कब से पता है?’

‘पहले दिन से, मैडम। मैं तो बाजू में बैठता हूँ।’

‘तो बोले क्यों नहीं?’

‘आप भी तो नहीं बोलीं।’

‘मुझे पता नहीं था।’

‘चार्ट में तो था न।’

मग त्याने ग्लास धुतला, पालथा ठेवला. म्हणाला, बाकी तिघांना काही माहीत नाही, त्यांना वाटतं हॉलिस भिया ‘अंदर’ म्हणायला शिकवतात. म्हणाला, बायकोला सातवा महिना आहे. सोळाला सही झाली नाही तर नवा ट्रेनर येईपर्यंत सहा महिने, तोपर्यंत परत डंपर. आणि हॉलिस भियाने त्याला जेवढं शिकवलं तेवढं कुणी...

जाताना: ‘आप बोलोगी तो मैं झूठ नहीं बोलूँगा। पर पहले मैं नहीं बोलूँगा।’

त्याच्यावर चिडायला मला जागाच नाही. आमचं दोघांचं काम तेच चाललं आहे. तो डावीकडून, मी वरून.

११ फेब्रुवारी, बुधवार

फेऱ्या संपल्यावर हॉ. टॉवरमध्ये आला. जिन्यात उजवा हात भिंतीला. मी अकरा जागांचा तक्ता टेबलावर ठेवला. त्याने डोकं थोडं उजवीकडे फिरवून पूर्ण वाचला. तक्ता छान केला आहेस, म्हणाला.

डिसेंबरात एका सकाळी हॉटेलात दाढी करताना अर्धा आरसा गेला. डोळा नाही गेला, म्हणाला, बाजू गेली. दोन्ही डोळ्यांची. डोकं दुखलं, दोन दिवसांनी थांबलं. बाजू परत आली नाही. डॉक्टरकडे गेला नाही, कारण डॉक्टर लिहून ठेवतात. नोकरीआधीची तपासणी ऑक्टोबरची आहे. तेव्हा सगळं दिसत होतं, ते खोटं नाही.

म्हणजे ‘जुनी सवय’ ही डिसेंबरातली.

मग ड्वेनबद्दल, न विचारता. हॉ.ची शेवटची शर्यत. ड्वेन छपरावरून ‘क्लिअर’ म्हणाला, अर्धा सेकंद लवकर. हॉ. न बघता भिंतीकडे सरकला. तिथे गाडी होती. मग भिंत. गळपट्टीचं हाड, तीन बरगड्या, डोकं. शुद्धीवर आल्यावर अधिकाऱ्यांना सांगितलं की रेडिओ ऐकू आला नाही, चूक माझी. मेहुण्याला वाचवलं, असं त्याला वाटलं. ड्वेन परत कधी छपरावर चढला नाही. चौदा वर्षं हॉ.शी बोलला नाही.

मी विचारलं, का.

‘त्याची चूक मी त्याला ठेवू दिली नाही.’

मग त्याने जे मागितलं ते लिहिते. सोळाला चौघांना घेऊन एकेक फेरी, चार सह्या, महिन्याच्या अखेरीस तो घरी परत, पुन्हा कधीच चालवणार नाही. तू एकदाही सलग बोलून चुकलेली नाहीस, म्हणाला. ड्वेनपेक्षा चांगली आहेस.

मी त्याला हिशोब सांगितला. स्क्रीनवर गाडी ०.३ सेकंद उशिरा दिसते. १८० वर सेकंदाला ५० मीटर. मी नंबर म्हणते तेव्हा गाडी मला दिसते त्याच्या १५ मीटर पुढे असते. १४० वर मी अंदाजाने आधी बोलते. १८० वर मी कधीच बोललेली नाही.

‘शिकशील,’ म्हणाला.

त्या क्षणी मला ते खरंच शक्य वाटलं. ते लिहून ठेवायला हवं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

दे. सरांना सांगितलं की २ तारखेच्या शीटवर फेरी ४ चा शेरा बदलायचा आहे. ते सोमवारच्या पाहुण्यांच्या जेवणात गुंतले होते (आमचे टायर घेणाऱ्या कंपनीचे पाच जण, टॉवरमधून फेऱ्या बघणार, रेडिओ स्पीकरवर). म्हणाले, ‘एक शेरा ना? सोमवारनंतर बघू.’

मी ‘बरं सर’ म्हटलं.

अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं तोंडात होतं. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. हे मला फार चांगलं जमतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

घरी बसून १८० चा सराव केला. जुन्या फेरीचं रेकॉर्डिंग त्या वेगाने लावलं आणि नंबर म्हटले. पाच वेळा. चौथ्यांदा सगळे बरोबर आले. पाचव्यांदा ३१ उशिरा.

आई दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही. ‘पाढे पाठ करतेस का?’ एवढंच म्हणाली आणि गराडूचे काप तळायला गेली.

१५ फेब्रुवारी, रविवार

हॉ.च्या नजरेबद्दल दे. सरांसाठी एक पान लिहिलं. दहा ओळी, विशेषण नाही. २ तारखेच्या शीटवर रेघ मारली: ‘जीपीएस दोष नव्हता. शेरा माझा चुकीचा. के.’ रेघ पट्टीने मारली. वाकडी आली नाही.

दुपारी हॉ.चा फोन. ड्वेनला फोन केला होता, म्हणाला. त्याने उचलला. काय बोलले ते सांगितलं नाही. उद्या जरा मोठ्याने बोल, म्हणाला, पाहुणे असतील.

म्हटलं, हॉलिस, मी पान लिहिलं आहे.

‘माहीत आहे,’ म्हणाला. ‘तू तशीच आहेस.’ रागावलेला वाटला नाही. तेच कठीण.

आईला सांगितलं. ती म्हणाली, द्यायचं असेल तर सकाळी पहिलं दे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळी लिहिते आहे. वेळा रेकॉर्डिंगवरून.

८:१०. शीट आणि पान दे. सरांच्या हातात दिलं. म्हटलं, फेरी सुरू व्हायच्या आधी वाचा. त्यांनी पहिली ओळ वाचली असावी. खाली पाहुण्यांची गाडी लागली. त्यांनी कागद दुमडून शर्टाच्या खिशात ठेवले. ‘दुपारी, केतकी. प्लीज.’

८:३१. गाडी पिटमध्ये, ट्रॅकच्या तोंडाशी. हॉ. चाकावर, जितू डावीकडे, पट्टे लावलेले. उजवीकडे आग विझवायची लाल गाडी, हॉ.च्या दरवाज्यापासून चार मीटर. टॉवरने क्लिअर दिल्याशिवाय पिट सोडायचं नाही. पाचही पाहुणे माझ्यामागे उभे, एकाच्या हातात चहा.

हॉ.: ‘टॉवर, क्लिअर?’

मी ट्रॅक पाहिला. धुकं नव्हतं. अठ्ठेचाळीसही खांब स्वच्छ दिसत होते. ट्रॅक रिकामा होता. क्लिअर म्हटलं असतं तर ते खरंच होतं.

हॉ. दुसऱ्यांदा: ‘टॉवर?’

बटण दाबलं. इंग्रजीत विचारलं, नेहमीच्या आवाजात, स्पीकरवर सगळ्यांना ऐकू गेलं: ‘हॉलिस, तुमच्या उजवीकडे काय उभं आहे?’

रेकॉर्डिंगवर अकरा सेकंद काही नाही. इंजिन फक्त. जितू शेजारीच होता. ‘लाल गाड़ी’ एवढं पुटपुटायला अर्धा सेकंद पुरला असता. तो पुटपुटला नाही.

मग हॉ.: ‘ते तू सांग, केतकी.’

आणि इंजिन बंद केलं.

त्यानंतरचं नीट क्रमाने आठवत नाही, एवढंच आहे. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, टेक्निकल प्रॉब्लेम? दे. सर म्हणाले, हो, पाच मिनिटं. मग मला बाजूला घेऊन, दबक्या आवाजात: ‘पाहुण्यांसमोर? मला आधी सांगता येत नव्हतं?’ मी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. कागद काढून तिथेच जिन्यात उभ्याने वाचले, दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना बसले, पायरीवर, पांढरी पँट असूनही. म्हणाले, जानेवारीपासून? म्हटलं, डिसेंबरपासून. हे शुक्रवारीच मी तुम्हाला सांगायला हवं होतं, तेही खरं आहे.

फेऱ्या रद्द. गाडीची किल्ली सरांकडे. माझी चौकशी होईल, व्हायलाच हवी. चौघांच्या सह्यांचं काय, सरांना माहीत नाही.

हॉ.ला मी पिटमध्ये भेटले. हेल्मेट मांडीवर घेऊन टायरवर बसला होता. त्याच्या डाव्या बाजूने गेले. त्याने मला येताना पाहिलं. मी म्हटलं, उद्या डोळ्यांच्या आणि मेंदूच्या डॉक्टरकडे मी बरोबर येते. त्याने हेल्मेट खाली ठेवलं. म्हणाला, तू ते सगळ्यांसमोर का विचारलंस? म्हटलं, तुम्हाला एकट्याला विचारलं असतं तर मी परत तुमचं ऐकलं असतं.

तो हसला नाही. थोड्या वेळाने कंपनीची गाडी त्याला हॉटेलवर घेऊन गेली. फोन लागतो, उचलत नाही.

परतीच्या बसमध्ये जितू माझ्यापुढे दोन रांगा. बेटमाला उतरला. दारात थांबला, वळेल असं वाटलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला, तो उतरला.

त्याआधी टॉवर बंद करताना दिसलं, हॉ.ची जीरावनची बाटली टेबलावर राहिली आहे, बुधवारची असावी, उजव्या कोपऱ्यात, प्रिंटरजवळ. पिशवीत घालून आणता आली असती. आणली नाही. उचलून टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवली, जिन्यातून वर येणाऱ्याला दिसेल अशी.

उद्या बस ६:१० ची.